वरच्या सुरांची धार

२५ ऑगस्ट, शनिवार

बोलावणं आलं! विद्यापीठाच्या बॅन्डच्या प्रमुख, प्राध्यापक अमाया, त्यांनी स्वतः फोन केला. ऑक्टोबरात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना असतो, त्याच्या मध्यंतरात तीनशे पोरांच्या बॅन्डपुढे उभं राहून आपल्या संघाचं गाणं गिटारवर वाजवायचं. कुणी? तर व्हर्ली टॅकेटनं, वय एकसष्ट, रसायनशास्त्राची निवृत्त मास्तरीण.

खरं तर फोनवर बाईंचं बोलणं धड कळत नव्हतं. हल्लीचे फोन म्हणजे माणूस विहिरीतून बोलतोय असंच वाटतं. दोनदा "काय म्हणालात?" विचारलं, तिसऱ्यांदा लाज वाटली आणि नुसतंच "हो, हो, नक्की" म्हणून टाकलं. मग एल्डननं परत फोन करून तारीख नीट विचारून घेतली. नवऱ्याचा एवढा तरी उपयोग.

अठराव्या वर्षी या गावात शिकायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. शनिवारी आमच्या बगळ्यांचा, म्हणजे विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना पाहिला. साठ हजार माणसं एका घशातून ओरडली आणि बाकाखालची फळी थरथरली ती माझ्या तळपायांना लागली. सोमवारी गहाणवाल्याच्या काचेत लाल गिटार दिसली, ती घेतली. तिचं नाव मेबल. लग्न मी बगळ्यांचा सामना नसलेल्या आठवड्यात केलं, हे एल्डन अजून लोकांना सांगतो. त्याला फुटबॉल कळत नाही. त्याच्या मधमाश्या बऱ्या आणि तो बरा.

झोप येईलसं वाटत नाही. पाय नुसते हलतायत.

१ सप्टेंबर, शनिवार

पहिला सामना. एकतीस-दहानं जिंकलो. तरी मन भरलं नाही.

लोक ओरडतच नाहीत आता. विद्यापीठानं वर काचेच्या खोल्या बांधल्या, तिथे श्रीमंत माणसं थंडगार बसून खातात. आमच्या आसपास सगळे फोनमध्ये डोकं घालून. पूर्वी समोरच्या संघाकडे चेंडू गेला की छातीत धडधड व्हायची असा आवाज असायचा. आज जणू कुणी सगळ्या स्टेडियमवर गोधडी टाकली होती.

डविटला म्हटलं, "मेलेत का रे सगळे?"

डविट म्हणजे आमच्या वाद्यवृंदाचा ड्रमवाला. कॉलेजपासूनचा मित्र, आणि स्टेडियमात माझ्या शेजारच्या जागेचाही मालक. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाला. त्याच्या तोंडात उकडलेल्या शेंगा होत्या. शेंगा खात बोलायची त्याची सवय कधी जायची नाही. मी हसले. कसंही असलं तरी डविटचं बोलणं साधारण हसण्यासारखंच असतं.

५ सप्टेंबर, बुधवार

डविटच्या गॅरेजमध्ये तालीम. मेबलला काहीतरी झालंय. वरच्या सुरांची धार गेलीय. पूर्वी दांडीवरच्या बाराव्या पट्टीच्या वर गेलं की सूर काचेसारखा कापत जायचा, आता कापसात गुंडाळल्यासारखा येतो. तारा नव्या घातल्या. तेच.

मधेच डविट ड्रम थांबवून ओरडला, "व्हर्ली, आवाज कमी!"

"तेच तर म्हणतेय मी! मलाही कमीच वाटतोय," असं म्हणून मी अॅम्पचं बटण आणखी फिरवलं. बेसवाला ओरिन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला नेहमीच कशाचं तरी वाईट वाटत असतं.

९ सप्टेंबर, रविवार

ओसरीवर बसलो होतो. उन्हं कलली होती, हवा अशी दमट की बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास हातात घाम गाळत होता. म्हटलं, "एल्डन, यंदा झाडांवरचे किडे कुठे गेले रे? सप्टेंबरात इथे बोलणं ऐकू येत नाही इतकी किरकिर असते. पालिकेनं भलतीच फवारणी केली असणार. तुझ्या माश्या सांभाळ."

एल्डननं वर झाडांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. तो माझ्याकडे असं पाहतो तेव्हा मला त्याचा रागच येतो. काय ते तोंडानं बोलावं ना माणसानं. बोलतो तेही असं पुटपुटतो की अर्धं त्याच्या मिशीतच राहतं.

पालिकेला तक्रार करायला हवी.

१८ सप्टेंबर, मंगळवार

अॅम्प दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्यानं व्हॉल्व्ह बदलले, स्पीकरचा कागद पाहिला, मेबलच्या वायरी तपासल्या. म्हणाला, "मॅडम, हा तर नव्यासारखा आहे." मी म्हटलं, "मग मी काय खोटं बोलतेय?" म्हणाला, "तसं नाही." मी म्हटलं, "तुम्ही फार हळू बोलता, गिऱ्हाइकाशी स्पष्ट बोलावं." तो एकदम मोठ्यानं बोलायला लागला, तर मला ते अपमानास्पद वाटलं. भांडून आले.

मेळावा महिन्यावर आलाय आणि माझ्याकडे धार नसलेली गिटार आहे.

२७ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहू की नको असं झालंय.

एल्डन स्वयंपाकघरात फोनवर बोलत होता. मी दारात होते, त्याची पाठ माझ्याकडे. म्हणाला, "तू तिला सांगू नकोस, मीच सांगेन." मग काहीतरी, आणि मग "सामान". पुन्हा "सामान". मग "मेळावा होऊन जाऊ दे, नाहीतर ती कोलमडेल."

सामान!

चौतीस वर्षं झाली लग्नाला. मला वाटायचं मी या माणसाला ओळखते. कुठे जायचंय याला सामान घेऊन? हल्ली हळू आवाजात बोलणं, मी खोलीत आले की गप्प होणं, जेवताना बघत राहणं, सगळ्याचा अर्थ लागला. कुणाशी बोलत होता हे विचारायचं धाडस झालं नाही. मी बाहेर जाऊन गाडी धुतली. स्वच्छ होती तरी धुतली.

२ ऑक्टोबर, मंगळवार

मी त्याच्या मागावर गेले. लिहिताना लाज वाटते, पण गेले. मध द्यायला बाजारात जातो म्हणाला आणि ट्रक वळला वेगळ्याच रस्त्याला. मी दोन गाड्या मागे.

तो थांबला कुठे? तर कानांच्या डॉक्टरांकडे! मी समोरच्या पेट्रोलपंपावर थांबले. बराच वेळ तो आत होता. बाहेर आला तेव्हा हातात माहितीपत्रकं होती. ट्रकमध्ये बसून त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि तसाच बसून राहिला.

मला स्टीअरिंगवर डोकं टेकून रडू आलं. सुटल्याचं आणि दुःखाचं एकदमच. बाई नाही, काही नाही. माझा नवरा बहिरा होतोय. म्हणून तर तो पुटपुटतो! ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याला कसं कळणार आपण किती हळू बोलतोय ते? आणि मी त्याच्यावर चिडत होते. मला मेलीला सुचलंच नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

ठरवलंय, त्याला कमीपणा वाटू द्यायचा नाही. त्याच्याशी मोठ्यानं, सावकाश, तोंडासमोर तोंड ठेवून बोलते. सकाळी "एल्डन! पाव! देऊ! का!" म्हटलं तर त्याच्या हातातली सुरी पडली.

"व्हर्ली, ओरडतेस कशाला?"

"मला सगळं माहीत आहे," मी म्हटलं. "मी तुला दवाखान्यातून बाहेर येताना पाहिलं. यात लाजण्यासारखं काही नाही. या वयात होतं."

तो मटकन खुर्चीवर बसला. त्याचे डोळे भरून आले. "देवा रे, तुला माहीत आहे? मला वाटलं होतं तू घर डोक्यावर घेशील. गेल्या नाताळात नुसता विषय काढला तर दोन दिवस बोलली नव्हतीस."

गेल्या नाताळात कसला विषय काढला होता, मला काही आठवेना. पण मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "मेळावा झाला की आपण दोघं मिळून जाऊ डॉक्टरांकडे." त्यानं माझ्या हातावर कपाळ टेकलं. किती दिवसांनी घरात असं हलकं वाटतंय. बिचारा.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

मैदानावर रंगीत तालीम. तीनशे पोरं, पांढरे-निळे गणवेश, पितळी वाद्यांवर ऊन. मला वाटलं मी पुन्हा अठराची झाले. दुपारी डविटच्या बायकोनं भरलेली अंडी आणली होती ती तशीच टाकून उठले.

प्राध्यापक अमाया शिडीवर उभ्या राहून हातवारे करतात. एकदा सगळं वाजवून झालं. मग बाकांखालच्या बोगद्यातून बाहेर निघताना त्यांनी मला गाठलं आणि घाईघाईनं काहीतरी सांगितलं. मागे ड्रमवाली पोरं बडवत होती. "बॉल्च" असं नाव ऐकलं. ग्रेडी बॉल्च, सत्तरच्या दशकातला आमचा खेळाडू, उन्हाळ्यात गेला. भिंतीसारखा माणूस. त्याच्याबद्दल उद्या काहीतरी बोलणार असतील. "कळलं ना, व्हर्ली?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. "अगदी."

अॅम्प विद्यापीठाचा आहे, माझ्यापेक्षा उंच. मी सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून ठेवलीत. उद्या कुणी काही फिरवलं तर हात तोडीन.

२१ ऑक्टोबर, रविवार

काल दिवसभर एक अक्षर लिहिता आलं नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

मध्यंतर झालं. मी पन्नास यार्डांच्या रेषेवर, मैदानाच्या मधोमध उभी. चारी बाजूंनी माणसं भिंतीसारखी चढत गेलेली. अमायांनी हात वर केला आणि आम्ही सुरू झालो. बॅन्डचा आवाज मला ऐकू येण्यापेक्षा पायांतून कळत होता. माझी पाळी आली. मी डोळे मिटले. वाजवताना मी डोळे मिटतेच, पहिल्यापासून. आणि काल, इतक्या महिन्यांनंतर, धार परत आली होती. वरचे सूर मला मिळाले. मी त्यांच्या मागे मागे जात राहिले, वर, आणखी वर. आयुष्यात इतकं चांगलं मी वाजवलं नसेल.

मग जाणवलं की सगळं शांत आहे. मला वाटलं लोक श्वास रोखून ऐकतायत. मी डोळे उघडले. समोर दोन्ही संघांचे खेळाडू, डोक्यावरची शिरस्त्राणं काढून काखेत धरलेली. वर सगळ्या बाकांवर लोक उभे, टोप्या छातीशी. काय लिहू, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. क्षणभर मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे.

म्हणून मी आणखी वाजवलं.

अमाया शिडीवरून उडी मारून धावत आल्या आणि त्यांनी अॅम्पची वायर ओढली. त्यांच्या मागे गवतावर पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती, हातात ग्रेडी बॉल्चचा चौकटीतला फोटो. तिचं तोंड उघडं होतं. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

ग्रेडीसाठी शांतता पाळायची होती. तेच मला बोगद्यात सांगितलं होतं. सूर संपल्यावर हात खाली येईल, थांबायचं. साठ हजार माणसं थांबली, तीनशे पोरं थांबली, मी एकटी वाजवत राहिले.

डविट मला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. तो बोलत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते.

सामना कोण जिंकलं मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

२४ ऑक्टोबर, बुधवार

ग्रेडीच्या बायकोकडे, इमोजीन बॉल्चकडे जाऊन आले. एल्डन म्हणाला मी येतो, मी नको म्हटलं. ताकाची गोड पाई भाजली होती, ती मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिले. शेवटी तिनंच दार उघडलं.

"येणार आहेस की पाई गाडीलाच खायला घालणार आहेस?"

आत भिंतीभर ग्रेडीचे फोटो. मी माफी मागितली. तोंडाला येईल तसं बोलत गेले, आवाज घुमतो, शिडी लांब होती, वाऱ्याची दिशा. ती ऐकून घेत होती. मग तिनं खुर्ची माझ्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी ओढली आणि ती स्पष्ट बोलली, एकेक शब्द.

"मला ती शांतता हवी होती. त्या मैदानात ग्रेडीसाठी लोक खूप ओरडले. तो उठून उभा राहावा म्हणून ओरडले, तो पडला तरी ओरडले. मला एकदा त्या सगळ्यांना गप्प बसलेलं बघायचं होतं. तेवढंच मागितलं होतं मी विद्यापीठाकडे. ते तू घेतलंस. मी गोड बोलून तुला सोडणार नाही."

"नको सोडूस," मी म्हटलं.

"तू आल्यापासून माझ्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नाहीस. ओठांकडे बघतेयस. आत्ता मागे फोन वाजला, तीन वेळा. ऐकलास?"

मी मागे वळून पाहिलं. टेबलावर फोन होता.

"ग्रेडी पण असाच होता," ती म्हणाली. "मैदानात डोक्यावर इतके मार खाल्ले, पण डोकं दुखलं की म्हणायचा हवा बदललीय. चाव्या सापडत नाहीत तर म्हणायचा तू हलवल्यास. शेवटी माझं नाव विसरला, तेव्हाही म्हणाला की मी ते बदललं असेन. त्या खेळावर त्याचा जीव होता, म्हणून दोष सगळ्या जगाला द्यायचा, खेळाला नाही. तू तुझे कान तपासून घे, बाई. आणि ती पाई ठेवून जा."

मी कशी गाडी चालवत आले मला ठाऊक नाही. किडे. फोन. पुटपुटणं. अॅम्प. काचेच्या खोल्या. एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहत होती.

एल्डन मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होता, जाळीचा बुरखा चेहऱ्यावर. मी थेट तिथे गेले. म्हटलं, "तू दवाखान्यात माझ्यासाठी गेला होतास."

त्यानं बुरखा वर केला. "मग काय स्वतःसाठी? तूच म्हणालीस ना, मला सगळं माहीत आहे म्हणून?"

"मला वाटलं तू बहिरा होतोयस."

मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. इतका हसला की त्याला पेटीचा आधार घ्यावा लागला, आणि माश्या उठल्या तशी आम्ही दोघं पळत घरात. दार लावून मी विचारलं, "आणि सामान? फोनवर सामान-सामान काय चाललं होतं?"

"कान! कान म्हणत होतो मी! डविटशी बोलत होतो. तिचे कान, तिचे कान."

हसता हसता कधी रडायला लागले कळलं नाही. हे डविटलाही माहीत, ओरिनलाही. "मला धरून हलवून का नाही सांगितलंस?" विचारलं. एल्डन म्हणाला, "तुझ्याकडून मेबल काढून घेणारा माणूस मला व्हायचं नव्हतं." मला त्याचा राग आला. अजूनही आहे. तो सांगत राहिला असता तर इमोजीनची शांतता तिला मिळाली असती. आणि तो सांगत होता तेव्हा मी ऐकलं असतं तर? कुणावर चिडू, हे ठरत नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

काचेच्या खोलीत बसवलं (या माझ्या काचेच्या खोल्या), कानांवर भोंगे लावले. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं यंत्र बंद आहे. सांगायला म्हणून वर पाहिलं, तर डॉक्टर बाई मान खाली घालून टिपत होत्या.

वरचे सूर गेलेत. परत येणार नाहीत. वर्षानुवर्षं अॅम्पला पाठ लावून उभी राहिले आणि शनिवारी स्टेडियममध्ये. "यातलं कुठलं?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही असू शकतं. आता वेगळं काढता येणार नाही." उरलंय ते सांभाळायचं असेल तर मोठा आवाज टाळा म्हणाल्या.

मोठा आवाज टाळा. म्हणजे कोण राहिली मी?

९ नोव्हेंबर, शुक्रवार

कानात यंत्रं बसवली. भुईमुगाच्या दाण्याएवढी. बसवल्याबरोबर पहिला आवाज आला तो माझ्याच बाहीचा. मग कुणीतरी कागद फाडला असं वाटलं, तर डॉक्टर बाई नुसतं पान उलटत होत्या.

एल्डन बाहेर थांबला होता. उठून म्हणाला, "झालं का गं?"

मी तिथेच उभी राहिले. त्याचा आवाज म्हातारा झालाय. खरखरीत, मधेच पातळ होणारा, त्याच्या वडिलांच्या आवाजासारखा. मला आठवत होता तो आवाज चाळिशीतल्या माणसाचा होता, आणि इतकी वर्षं तो ओठ हलवायचा आणि मी माझ्या डोक्यातला तो जुनाच आवाज त्यावर लावत असेन. हा म्हातारा कधी झाला? मी शेजारीच होते.

"काय झालं?" तो म्हणाला. "दुखतंय का?"

"पुन्हा बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही."

तो कान खाजवत उभा राहिला, आणि मग माश्यांना थंडीत साखरेचं पाणी कसं द्यायचं ते सांगायला लागला. गाडीपर्यंत सांगत होता.

१४ नोव्हेंबर, बुधवार

डविटच्या गॅरेजमध्ये गेले. अॅम्पचं बटण दोनवर. ओरिननं चक्क माझ्याकडे तोंड केलं. वाजवलं आणि कळलं की ओरिन गाताना सुरातून चांगलाच उतरतो. इतकी वर्षं मी त्याला झाकत होते म्हणायचं.

"मास्तरीणबाई," डविट म्हणाला, "आज पहिल्यांदा मला माझे ड्रम ऐकू आले."

"कसे आहेत?"

"वाईट आहेत गं."

तिघंही हसलो. पण घरी येऊन बरं वाटेना. दोनवरचा आवाज पोटात शिरत नाही, नुसता कानापाशी उभा राहतो. दुपारी एल्डन बाहेर असताना यंत्रं काढली, अॅम्प पूर्ण चढवला आणि एक सूर वाजवला. एकच. भिंतीवरची ताटली पडून फुटली. शरीरभर तो सूर होता आणि सुख होतं, आणि कानात मात्र काहीच नव्हतं, नुसता कापूस. मी बटण शून्यावर आणलं आणि तुकडे गोळा केले. एल्डननं ताटलीबद्दल विचारलं तेव्हा मांजर म्हणाले. आमच्याकडे मांजर नाही.

रोज थोडं दोनवर वाजवायचं ठरवलंय. आवडतं असं नाही अजून. सोडवतही नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार

काल डॉसनविरुद्धचा सामना. जन्माचे वैरी. जाऊ की नको हे आठवडाभर चाललं होतं. डॉक्टरांनी कानात घालायची बुचं दिली होती, तरी भीती. शेवटी डविट घरी आला आणि त्यानं आपलं तिकीट एल्डनच्या हातात दिलं. "तू बस हिच्याशेजारी. मी वर बसतो. माझ्याही कानांचा मला विचार करायला हवा."

एल्डन गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. त्यानं पिशवीत शेंगा घेतल्या, गोधडी घेतली, वाचायला पुस्तक घेतलं. पुस्तक मी गाडीत ठेवायला लावलं.

डॉसनकडे चेंडू असताना मी यंत्रं काढून बुचं घालायची, आमच्याकडे आला की उलट. वेड्यांचा कारभार. एल्डन माझ्यासाठी डब्या धरून बसला होता. इमोजीन बॉल्च आमच्यापेक्षा खाली कुंपणाजवळ होती. तिनं एकदा मागे वळून पाहिलं आणि हनुवटी जराशी हलवली. तेवढंच. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

अगदी शेवटी आम्ही चार गुणांनी मागे. चेंडू आमच्याकडे, रेषा एक यार्डावर, चौथी आणि शेवटची खेप. मी यंत्रं घातली. आणि सगळं स्टेडियम गप्प झालं.

झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. कुठेतरी एक मूल पाणी मागत होतं. मागच्या रांगेत कुणीतरी जप करत होतं. मैदानावर पोरं वाकली होती आणि त्यांच्या श्वासांची वाफ दिसत होती.

"व्हर्ली," एल्डन कुजबुजला, "सगळे गप्प का झाले? कुणाला लागलं का?"

मी मैदानावरून नजर न हलवता त्याला सांगितलं, कुजबुजतच, "आपल्या संघातल्या पोराला आता ओरडून खूण द्यायचीय. त्याच्या गड्यांना ती ऐकू जायला हवी."

"एवढी माणसं त्याच्यासाठी गप्प बसलीत?"

"हो. शूऽऽ."

तेवढ्यात खालून आवाज आला. कोरडा, किंचित फाटलेला, एकोणीस वर्षांच्या पोराचा. दोन आकडे आणि एक शब्द. मग हाडांवर हाडं आपटली, सगळे एकमेकांवर कोसळले, आणि पंच ढिगाऱ्यातून एकेकाला उचलून बाजूला करायला लागले.

एक वीत कमी पडली. हरलो.

डॉसनवाले मैदानात धावले तेव्हा मी बुचं घालायलाही विसरले. लोक रडत होते, शिव्या देत होते. मी एल्डनचा दंड धरला आणि म्हटलं, "ऐकलंस ना? काय आवाज होता पोराचा! बेचाळीस, सतरा, आणि मग 'आता'. अगदी स्पष्ट."

एल्डननं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं.

"कुठले बेचाळीस?" तो म्हणाला. "मला तर काहीच ऐकू आलं नाही."